बत्तीसाबांची परीक्षा

तिसऱ्यांदा मिक्सर बंद पडला, तेव्हा कुंदाने झाकणावरचा हात काढलासुद्धा नाही. आत खोबरं, मिरच्या आणि कोथिंबीर एकमेकांकडे बघत थांबली होती.

"दोन मिनिटं गं!" बाहेरून विद्याधरचा आवाज आला.

"तुमच्या दोन-दोन मिनिटांत चटणी व्हायची राहील आज," ती ओरडली. ओरडण्यात दम नव्हता, कारण ती खूश होती.

गॅलरीत लाकडी स्टूल फरफटलं. मघाशी तेच स्टूल पॅसेजमध्ये फरफटलं होतं, आणि त्याच्याही आधी दारामागच्या बोर्डावरचे चिनी मातीचे फ्यूज खटखट वाजले होते. दरवेळी मेन स्विच बंद, दरवेळी मिक्सर मुका, आणि दरवेळी विद्याधर शीळ घालत होता. दिवाळीपासून त्याने शीळ घातली नव्हती.

शहात्तर वर्षांचा नवरा स्वतःच्या घरातली वायरिंग स्वतःच्या हाताने बिघडवतो आहे आणि बायकोला त्याचा सणासारखा आनंद होतो आहे, हे पार्ल्यातल्या दुसऱ्या कोणत्याही घरात समजावून सांगणं कठीण होतं. पार्ल्यातली माणसं मुलांना गाण्याच्या क्लासला घालतात. विद्याधरने आपल्या माणसांना फॉल्ट शोधायला घातलं.

चौतीस वर्षं तो मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होता. बोटीवर या माणसाला नाव नसतं. खलाशापासून कॅप्टनपर्यंत सगळे त्याला 'बत्तीसाब' म्हणतात. क्रेन अडली, बत्तीसाब. मासळीचं कोल्ड स्टोरेज तापलं, बत्तीसाब. कॅप्टनच्या बायकोचं केस वाळवायचं यंत्र जळलं, तरी बत्तीसाब. आणि हाताखाली नवा पोरगा आला, की जुना बत्तीसाब मुद्दाम कुठेतरी एक फॉल्ट करून ठेवतो आणि म्हणतो, शोध. शोधलास तर रात्री मी झोपेन.

ही रीत विद्याधरने लग्नानंतर चार महिन्यांत घरी आणली. दुसऱ्या दिवशी तो बोटीवर जायचा होता.

"मी नसताना लाइट गेली तर काय करशील?"

"शेजारच्या काकांना बोलवीन."

"काका मीटरला लांबून नमस्कार करतात," तो म्हणाला, आणि कुंदाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन त्याने मेन बंद केला.

सासूबाई, म्हणजे सोनूबाई, मेणबत्ती धरून उभ्या होत्या. "लोक बायकोला साडी घेऊन देतात. हा शॉक देऊन चाललाय," त्या म्हणाल्या. पण मेणबत्ती त्यांनी शेवटपर्यंत नीट धरली होती. स्वयंपाकघराच्या बोर्डात सैल केलेली तार कुंदाला सापडली, बल्ब लागला, आणि विद्याधरने अशा नजरेने तिच्याकडे बघितलं, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्याने तसं बघितलं नव्हतं. तेव्हापासून तो निघायच्या आदल्या दिवशी घरात एक फॉल्ट असायचाच. केयूरच्या वेळी ती आठव्या महिन्यात होती, तेव्हा तो म्हणाला, या खेपेला राहू दे. कुंदाच हटून बसली. "लावा. नाहीतर मला वाटत राहील, तुम्ही जातच नाही आहात." मग त्याने बाथरूममधला बल्ब अर्धा फिरवून सैल केला. तिने तो हात वर करून घट्ट केला, आणि तो गेला.

आता जायची पाळी गंधालीची होती. केयूरची मुलगी, विद्याधरची नात. इलेक्ट्रिकल इंजिनियर झाली, वर बोटीवरच्या कामाचा कोर्स केला, आणि उद्या सकाळच्या विमानाने सिंगापूरला जाऊन जहाजावर रुजू होणार होती. घराण्यातली दुसरी बत्तीसाब. म्हणून विद्याधर सकाळीच म्हणाला, "पोरीला एक फॉल्ट लावतो," आणि कुंदाने आनंदाने स्टूल काढून दिलं.

एरवी तिने त्याला आजकाल स्टूलाच्या जवळ जाऊ दिलं नसतं. दिवाळीच्या आधी तो फ्यूजची तार आणायला बाजारात गेला आणि रिक्षावाल्याला गोदीच्या गेटावर घे म्हणाला. रिक्षावाला भला होता, घरी घेऊन आला. एकदा दुपारी त्याने विचारलं, केयूरची शाळा सुटली का? केयूर सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि रक्तदाबाची गोळी घेतो. मग थोड्या वेळाने सगळं जागेवर यायचं. कुंदाने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. कारण गंधालीने स्वच्छ सांगून ठेवलं होतं: आबा ठणठणीत आहे म्हणून मी जातेय. तेव्हा कुंदाचं ठरलं होतं. उद्या विमान उडेपर्यंत आबा ठणठणीत राहणार. मग डॉक्टर, मग मुलं, मग रडायचं असेल तर तेही.

मिक्सर पुन्हा सुरू झाला.

बारा वाजता मंडळी आली. बोरिवलीहून केयूर, त्याची बायको क्षमा आणि गंधाली, मुलुंडहून शर्मिष्ठा. केयूर आणि शर्मिष्ठा या भावंडांचं गणपतीत वाजलं होतं. ही इमारत पाडून नवी बांधायला आईबाबांनी सही द्यावी असं केयूरचं मत, आणि देऊ नये असं शर्मिष्ठाचं. त्यानंतर दोघांचं बोलणं फॅमिली ग्रुपवर एकमेकांना सुप्रभातची फुलं पाठवण्यापुरतं उरलं होतं.

"ताई, तूच सांग हिला," केयूर बूट काढता काढता म्हणाला. पाच महिन्यांत भावाने बहिणीला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

शर्मिष्ठाच्या चेहऱ्यावर युद्धबंदीचा प्रकाश पडला. "मी काय सांगू? बाप तू आहेस. पण गंधाली, खरं बोलू का, बोटीवर वीस-बावीस पुरुष आणि तू एकटी..."

"एकटी नाही गं आत्या. सेकंड ऑफिसर बाई आहे."

"आणि लग्नाचं काय?"

"वीस-बावीस जण आहेत ना."

"तेच तर म्हणतेय मी!"

क्षमाने तोंड फिरवून पिशवीतलं श्रीखंड काढायला घेतलं. तिचे खांदे हलत होते. ती या लढाईत मुलीच्या बाजूने होती, पण सासरच्या भांडणात सून जितक्या बाजूने असू शकते तितकीच.

"हसा," केयूर म्हणाला. "बोट म्हणजे काय, ते मला विचार. माझी मुंज दोनदा पुढे ढकलली. दहावीचा रिझल्ट ट्रंककॉलवर ओरडून सांगितला, तो सगळ्या बिल्डिंगने ऐकला, फक्त बाबांना ऐकू गेला नाही. आणि बाबा घरी आले, की मी ह्यांना 'अहो काका' म्हणायचो."

"एकदाच म्हणालास," विद्याधर खुर्चीतून म्हणाला.

"तुम्ही किती वेळा होतात म्हणायला?"

यावर विद्याधर हसला. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याचं हसणं तपासत होती. बरोबर होतं. आज सगळं बरोबर होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती, शर्मिष्ठाला मुलुंडचा रस्ता कुठे खणलाय ते विचारलं होतं.

"बाबा, आता बोटीवर नेट असतं," गंधाली म्हणाली. "रोज व्हिडिओ कॉल करीन. इतका, की तू उचलणार नाहीस."

"आणि इथे? आबांचं वय बघ. उद्या काही झालं, तर समुद्राच्या मधोमध बसून काय, व्हिडिओवर नमस्कार करशील?"

गंधालीचा चेहरा उतरला. केयूरला कळलं, बाण लागला. तो विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होता. माणूस कुठे हळवा आहे ते शोधण्याचाच त्याला पगार मिळायचा.

"आबाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तसं असतं, तर मी स्वतःच गेले नसते. आजीला सांगितलंय मी. हो ना आजी?"

"अळूवड्या करपताहेत," कुंदा म्हणाली आणि आत गेली. अळूवड्या अजून तव्यावर पडायच्याच होत्या.

बाहेर टाळी वाजली. विद्याधर उठून उभा राहिला होता.

"हॉल डेड आहे," तो म्हणाला. "ना दिवा, ना पंखा. बत्ती मॅडम, जरा बघून घ्या."

"बाबा, आत्ता? जेवायच्या वेळेला?" केयूर म्हणाला.

"ब्लॅकआउट काय जेवणाची वेळ विचारून होतो?"

हॉलमध्ये माघातलं ऊन आलं होतं, त्यामुळे तो डेड असल्याचं सकाळपासून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गंधालीने पिशवीतून करंट तपासायचं नवं कोरं मीटर काढलं. विद्याधरने तिच्या हातात आपला टेस्ट लॅम्प ठेवला, म्हणजे होल्डरमध्ये एक बल्ब आणि खाली लोंबणाऱ्या दोन वायरी. "मीटर ठेव, पण आधी हा. आणि मेनपासून सुरुवात. मधेच उडी मारायची नाही."

तिने मेन बंद केला, हॉलचा फ्यूज उपसला आणि मधेच दुसऱ्या कोणी लावू नये म्हणून सवयीने जीन्सच्या खिशात टाकला. फ्यूज ज्याच्या खिशात, जीव त्याच्या हातात. हे वाक्य या घरातली मुलं पाढ्यांच्या आधी शिकलेली होती. विद्याधरचे डोळे चमकले. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने फ्यूज पुन्हा काढून उन्हात धरला.

"आई गं! आबा! तार आत कापलीय आणि टोकं खोबणीत अशी दाबून बसवलीत, की बघणाऱ्याला अख्खी वाटावी."

"सापडला!" विद्याधरने मांडीवर थाप मारली. "मला वाटलं होतं, जेवण होईपर्यंत चालेल. घाल नवी तार. लाव मेन."

तिने तार घातली. मेन लावला. शर्मिष्ठाने पंख्याचं बटण दाबलं, दिव्याची बटणं दाबली.

काही झालं नाही.

विद्याधरचं हसू तोंडावर तसंच राहिलं. घरातले झोपायला गेल्यावरही दिवाणखान्यात बसून राहिलेल्या पाहुण्यासारखं. आणि कुंदाला, हातात उलथनं घेऊन दारात उभ्या असलेल्या कुंदाला, मिक्सर आठवला. एकदा फ्यूज वाजले तेव्हा. एकदा पॅसेजमध्ये स्टूल फरफटलं तेव्हा. एकदा गॅलरीत. ती समजत होती, आज हा मोठा, कारागिरीचा, तीन टप्प्यांचा एकच फॉल्ट लावतोय. त्याने एक फॉल्ट लावला होता आणि तो विसरला होता. दुसरा लावून तोही विसरला होता. आणि तिसऱ्यासाठी पहिल्याइतक्याच उमेदीने शीळ घालत स्टूलावर चढला होता. आणि ती आतून चटणीसाठी ओरडत होती.

"बाबा, डबल!" शर्मिष्ठा टाळ्या पिटत म्हणाली. "ही चीटिंग आहे हं. आमच्या वेळी एकच असायचा."

"तुमच्या वेळी तो एकसुद्धा जास्त व्हायचा," विद्याधर म्हणाला, आणि सगळे केयूरकडे बघून हसले. बारा वर्षांचा असताना केयूरने फॉल्ट शोधायच्या ऐवजी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून आणलं होतं. विद्याधर त्याला काहीही बोलला नव्हता. ते काही न बोलणं केयूर पस्तीस वर्षं ऐकत होता.

"मेनपासून पुढे," गंधाली स्वतःशी म्हणाली आणि पॅसेजमधल्या जंक्शन बॉक्सखाली स्टूल सरकवलं. कुंदा मनात म्हणत होती, शोध बाई, पटकन शोध, दोन्ही शोध, आणि काही विचारू नकोस. गंधालीने झाकण उघडलं, एकेक तार हलवून पाहिली. स्क्रू सगळे घट्ट. मग ती थांबली, मान वाकडी केली आणि वरूनच ओरडली, "आबा, तू राक्षस आहेस! स्क्रू कच्चून आवळलाय, पण तांब्यावर नाही, वायरच्या प्लॅस्टिकवर! हे मला कॉलेजात कोणी नसतं शिकवलं."

विद्याधर स्टूलापाशी येऊन उभा राहिला. बॉक्सकडे बराच वेळ बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "हाच."

इतरांना त्या 'हाच'मध्ये कौतुक ऐकू आलं. कुंदाला त्यातलं प्रश्नचिन्ह ऐकू आलं.

वायर सोलून बसवली. मेन लागला. बटणं दाबली. हॉल डेड.

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"बाबा, पुरे ना आता," केयूर म्हणाला. "पोरीला भूक लागलीय. कुठे आहे ते सांगून टाका."

"शोधू दे तिला."

"शोधेल हो ती. पण तुम्ही सांगा ना. कुठे केलाय?"

विद्याधरने पंख्याकडे पाहिलं. मग बोर्डाकडे. मग शर्टाचा खिसा चाचपला, जणू तो तिथे ठेवलेला असावा. "मी..." तो म्हणाला, आणि त्या एका अक्षरावर उभा राहिला.

केयूरचा चेहरा बदलला. त्याच्या टेबलासमोर रोज माणसं बसत, कुठे अडखळतात ते तो बघत असे. "बाबा," तो अगदी हळू म्हणाला, "अजून एक लावलाय, हे तरी आठवतंय ना?"

"तिसरा माझा आहे," कुंदा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"तुझा?"

"का? जन्मभर मी शोधले. एखादा लावायचा मान मला नको?"

"आई, तू स्टूलावर चढलीस? तुझा गुडघा?"

"गुडघा माझा आहे, त्याचं मी बघेन."

"मग कुठे लावलास?" केयूरने विचारलं. आवाजात अजून दावे तपासणारा माणूस होता.

"गॅलरीत," कुंदा म्हणाली. "गंधाली, चल, दाखवते तुला. बाकीच्यांनी पानं घ्या. शर्मिष्ठा, तू पुऱ्या तळ, आणि क्षमा, हिच्या पुऱ्या फुगतात का बघ."

गॅलरीच्या कोपऱ्यात भिंतीबाहेरून आलेला वायरींचा पाइप एका पेटीत शिरत होता, तिथून हॉलची लाइन आत जायची. समोरच्या प्लॉटवरची चार मजली इमारत गेली होती आणि हिरव्या जाळीत गुंडाळलेलं काहीतरी उंच उभं राहत होतं. गंधालीने मेन बंद करून येऊन पेटी उघडली. आत एक जॉइंट होता, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. तिने तो हातात घेतला, पण सोडला नाही. टेपच्या शेवटच्या टोकाला बारीकशी घडी घातलेली होती. पुढे उघडणाऱ्याला नखाने खरवडत बसावं लागू नये, म्हणून.

"आजी, हे तू नाही केलंस."

"त्यांच्याकडूनच शिकले ना."

"मिक्सरच्या वायरला तू लावलेली टेप बघितलीय मी. ती टेप नाही, बँडेज आहे." गंधालीने टेप उलगडली. आत तांब्याच्या दोन टोकांमध्ये टेपचाच एक पडदा होता, सुबक, नेमका. "तिन्ही आबाने लावलेत. आणि त्याला माहीत नाहीये."

कुंदाने गॅलरीच्या कठड्यावरची धूळ पदराने पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

"कधीपासून?"

"दिवाळी. आधीपासूनही असेल. माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे मी येऊ दिलं नाही."

"डॉक्टर?"

"तू गेलीस की नेणार आहे."

"मग मी जातच नाही." स्क्रू ड्रायव्हर तिच्या मुठीत होता. "आत्ता जाऊन बाबाला सांगते. खूश होईल तो."

"राहून काय करशील? त्यांच्या डोक्याला टेस्ट लॅम्प लावशील?"

"आजी, चेष्टा नको ना. तू एकटी कशी—"

"एकटी?" कुंदा म्हणाली. "अगं, या माणसाच्या जाण्यातच मी म्हातारी झाले. पूर्वी गेले, की नऊ-नऊ महिने पत्ता नसायचा. आता दिवसातून दोनदा जातात आणि चहाच्या वेळेला परत येतात. खरं सांगू? मला हे सोपं पडतं."

गंधाली हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"आणि एक ऐक. सकाळपासून तीनदा स्टूलावर चढलेत ते. काय केलं, ते दरवेळी विसरले. कुणासाठी करायचं, ते तिन्ही वेळा आठवलं त्यांना."

समोरच्या जाळीमागे कोणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. गंधाली खाली बघून तांब्याची टोकं पिळू लागली, एकमेकांवर, घट्ट. पिळून झाल्यावर म्हणाली, "मी बाबाशी खोटं बोलणार नाही, आजी."

"नको बोलूस. नीट जेव फक्त."

"पानं घेतलीयत," मागून आवाज आला.

गॅलरीच्या दारात केयूर पाण्याचा जग घेऊन उभा होता. कधीपासून, ते त्या दोघींना कळलं नाही. तो कोणाकडेही न बघता वळला आणि आत गेला. जगातलं पाणी थोडं फरशीवर सांडलं होतं.

गंधालीने मेन लावला. हॉलमधली सगळी बटणं मघापासून चालूच होती. दोन दिवे लागले आणि थंडीभर बंद असलेल्या पंख्याने साठवलेली सगळी धूळ एका फटक्यात खाली पाठवली.

"श्रीखंड!" शर्मिष्ठा किंचाळली. "झाका, श्रीखंड झाका!"

पंखा बंद करून, ताटं पुसून, पुन्हा वाढून मंडळी बसली, तेव्हा विद्याधरचं पान रिकामं होतं. तो गॅलरीत गेला होता. नव्याने केलेलं काम सीनियरने डोळ्यांखालून घालायचं असतं, हे तो विसरला नव्हता. परत आला, तेव्हा त्याच्या हातात ती उलगडलेली काळी टेप होती. टोकाची घडी तशीच होती.

"हा कोणी लावला होता?" त्याने विचारलं.

"मी सांगितलं ना," कुंदा म्हणाली.

"छे. हा तुझा हात नाही." तो टेप बोटांवर फिरवत होता. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. बोटीवर नवा माणूस आल्यावर असावी तशी उत्सुकता होती. "पडदा बघ, किती नेमका कापलाय. माणूस शिकलेला आहे. कोण आहे?"

कुंदाजवळ आणखी खोटं उरलं नव्हतं. दिवाळीपासून तिने बरंच वापरलं होतं. गंधाली पुरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसली होती.

"मी, बाबा," केयूर म्हणाला.

शर्मिष्ठाने घास थांबवला. "तू?"

क्षमाने मान खाली घातली. बोरिवलीला बल्ब बदलायलासुद्धा तिचा नवरा वॉचमनला वर बोलावतो, हे तिला माहीत होतं.

"तू?" विद्याधर म्हणाला.

"हो. मघाशी. तुमचं लक्ष नव्हतं तेव्हा."

विद्याधरने टेपकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, मग पुन्हा टेपकडे. सगळ्यांनी पुऱ्यांचे तुकडे हातात धरून वाट बघितली.

"चांगला लावलायस," तो म्हणाला. बसता बसता पुन्हा म्हणाला, "फारच चांगला."

केयूरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोट्या दाव्यावर इतकं मंजूर होताना त्याने नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. त्याने पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला, आणि आईकडे बघितलं. कुंदाने त्या नजरेत वाचलं, की याने गॅलरीतलं सगळं ऐकलं आहे.

"आई, गंधालीला अजून श्रीखंड वाढ," तो म्हणाला. "तिकडे कोण देणार आहे तिला? आणि गं, उद्या टॅक्सी सांगू नकोस. विमानतळावर मी सोडणार."

"अरे, पण तू तर म्हणत होतास—" शर्मिष्ठा म्हणाली.

"ताई, तू जेव."

शर्मिष्ठाने एकदा भावाकडे, एकदा आईकडे पाहिलं. काहीतरी आपल्याला सोडून ठरलं आहे, एवढं तिला कळलं. एरवी तिने यावर पुढचे पाच महिने काढले असते. पण बाबांच्या बोटांत अजून ती टेप होती, आणि ती त्या टेपकडे बघत राहिली. मग तिने उठून मुकाट्याने गंधालीला श्रीखंड वाढलं.

"आणि तिला सोडलं, की मी इकडेच येतो," केयूर म्हणाला. "राहतो दोन-चार दिवस. रजा पडलीच आहे."

"कशाला रे?" विद्याधरने विचारलं.

"शिकायचंय तुमच्याकडून. पॅसेजमधला तो कसा लावलात? स्क्रू आवळायचा, पण तांब्याला लागू द्यायचा नाही. मला नाही जमणार तसं."

विद्याधर घास चावता चावता विचारात पडला.

"पॅसेजमध्ये कोणी लावला?"

कुंदाचा हात वाटीवर थांबला. केयूरने आईकडे बघितलं नाही.

"तुम्ही, बाबा," तो म्हणाला.

"मी?" विद्याधर खुलला. त्याने पुरीसाठी ताट पुढे केलं. "मग चांगलाच असणार."